एकदिवसीय पिल्लांची पहिल्या आठवड्यातली मरतूक आणि ब्रूडरची तयारी

जुन्नर तालुक्यातल्या एका ताईंनी जानेवारीत गिरिराज जातीची १०० एकदिवसीय पिल्ले आणली. सकाळी प्रवासाला निघालेली पिल्ले उघड्या पिकअपमधून संध्याकाळी घरी पोचली. एका रिकाम्या खोलीच्या कोपऱ्यात तूस पसरून त्यांना सोडण्यात आले आणि वर १०० वॅटचा एक पिवळा बल्ब व दोन एलईडी बल्ब लावण्यात आले. पहिल्या तीन दिवसांत दोन-तीनच पिल्ले गेली, पण चौथ्या ते सहाव्या दिवसात वीसेक मेली. काही सकाळी कोपऱ्यात चपटी झालेली सापडली, काहींचे पोट फुगलेले होते आणि बऱ्याच पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली होती. औषधाच्या दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पावडर पाण्यातून देऊनही मरतूक थांबली नाही. उरलेल्या पिल्लांना आता कोणते औषध द्यावे आणि मुळात पिल्लेच निकृष्ट होती का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई, औषधाचे उत्तर आधी देतो. सध्या कोणतेही अँटिबायोटिक देऊ नका. स्वच्छ पाणी, त्यात जीवनसत्त्वे व इलेक्ट्रोलाइट, ताजे चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य, आणि निदान आताच्या दुप्पट ऊब एवढेच द्या. आपण वर्णन केलेली मरतूक बहुतांशी थंडीची आणि उपासमारीची आहे, आणि तिच्यावर जंतुनाशक औषधाचा इलाज नाही. उलट पावडरीने पाणी कडू झाले तर पिल्ले पाणी कमी पितात आणि अशक्तपणा वाढतो. दुकानदाराने दिलेल्या पुडीवर कोलिस्टिन असे नाव असेल तर ती बाजूला ठेवा. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत ते वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्येच बंदी घातली आहे.

मरतूक चौथ्या दिवशी दिसली, तरी तिची सुरुवात बहुधा पहिल्या रात्रीच झाली होती. अंड्यातून बाहेर पडण्याच्या थोडे आधी पिल्लू उरलेला पिवळा बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर त्याचे दोन-तीन दिवस निघतात. म्हणूनच एकदिवसीय पिल्ले दूरवर पाठवता येतात, आणि म्हणूनच पहिले तीन दिवस सगळे ठीक चालले आहे असे वाटते. या काळात जे पिल्लू खायला-प्यायला शिकले नाही, ते बलक संपताच चौथ्या-पाचव्या दिवशी कोसळते. आता ते शिकत का नाही, तर त्याला थंडी वाजत असते. पूर्ण वाढलेल्या कोंबडीचे शरीर साधारण ४१ अंश सेल्सिअसला असते, नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे त्याहून एक-दीड अंशाने कमी. अंगावर पिसे नसतात, फक्त लव असते, आणि पहिले दहा-बारा दिवस शरीराची उष्णता स्वतः टिकवण्याची ताकद पिल्लात जवळजवळ नसते. गारठलेले पिल्लू बल्बखालची जागा सोडून भांड्यापर्यंत जातच नाही. भांड्यात खाद्य भरलेले दिसते, पाणीही असते, आणि त्यापासून दोन फुटांवर पिल्लू उपाशी मरते.

हे खरे की नाही, ते मेलेले पिल्लूच सांगेल. ताजे मेलेले पिल्लू घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपावी; ती चपटी आणि रिकामी लागली, आणि पोट उघडल्यावर पेषणीत, म्हणजे खाद्य दळणाऱ्या पोटात, खाद्याऐवजी तुसाचे तुकडे निघाले, तर ते उपासमारीने गेले. बेंबी काळपट, ओलसर आणि न मिटलेली, पोट मऊ व फुगलेले, आणि आत बलकाची पिशवी तशीच पडून तिला दुर्गंधी सुटलेली असेल, तर तो बेंबीवाटे झालेला जंतुसंसर्ग होय. सकाळी कोपऱ्यात चपटी झालेली पिल्ले मात्र कोणत्याही रोगाने गेलेली नसतात. रात्री थंडीने सगळी एकमेकांवर चढतात आणि तळाची गुदमरतात. खोलीला कोपरा असणे हे त्यांच्या मृत्यूचे अर्धे कारण असते.

पिल्ले निकृष्ट होती का, याचे उत्तर इथेच दडले आहे, पण ते सरळ नाही. बेंबीचा संसर्ग बहुतेक वेळा उबवणी केंद्रातल्या अस्वच्छ अंड्यांतून किंवा उबवणी यंत्रातून येतो, हे खरे. तरीही प्रवासात आणि पहिल्या रात्री गारठलेल्या पिल्लाच्या पोटातला बलक नीट शोषला जात नाही आणि त्याचेही पोट तसेच फुगते. त्यामुळे चार फुगलेली पोटे पाहून विकणाऱ्याला दोष देण्याआधी आपल्या खोलीत रात्री दोन वाजता किती अंश तापमान होते, हे विचारावे लागते. पिल्ले ताब्यात घेतानाच पारख करणे केव्हाही बरे. पिल्लू तळहातावर उताणे ठेवले की ते दोन-तीन सेकंदांत उलटून उभे राहिले पाहिजे. बेंबी कोरडी व मिटलेली, डोळे टपोरे, लव कोरडी आणि वजन साधारण ३५ ते ४० ग्रॅम असावे. खोक्यात जी पिल्ले माना टाकून बसली आहेत, ती त्याच वेळी मोजून पावतीवर लिहून घ्यावीत. नंतर केलेल्या तक्रारीला आधार राहत नाही.

आता ऊब. कागदावरचे गणित सोपे आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, आणि त्यानंतर दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइट कमी करत पाचव्या आठवड्यापर्यंत ७५ अंशांवर यायचे. प्रत्यक्षात चुका होतात त्या या आकड्यांभोवतीच्या गोष्टींत. आपल्या मांडणीतली मोठी चूक म्हणजे एलईडी बल्ब. नऊ वॅटचा एलईडी खोली उजळवतो, पण पिल्लाला त्याची ऊब काहीच मिळत नाही. ब्रूडरसाठी, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देण्याच्या जागेसाठी, तारेचा पिवळा बल्ब किंवा इन्फ्रारेड बल्बच लागतो. उन्हाळ्यात दर पिल्लामागे एक वॅट पुरतो, थंडीत दोन वॅट धरावेत. जानेवारीत जुन्नरकडे रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, म्हणजे आपल्या १०० पिल्लांना किमान २०० वॅट हवे होते आणि मिळत होते १०० वॅट. हे २०० वॅट एकाच बल्बमधून घेऊ नयेत. दोन किंवा तीन बल्ब असले की मध्यरात्री एक उडाला तरी बाकीचे सकाळपर्यंत निभावून नेतात. बल्ब पत्र्याच्या छत्रीखाली, तुसापासून एक ते दीड फूट उंचीवर, साखळीने किंवा तारेने टांगावेत. नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवले आणि खाली पडले तर तूस पेट घेते.

पिल्ले कोपऱ्यात सोडू नयेत. पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची दीड फूट उंचीची, १९ फूट लांबीची पट्टी गोल उभी केली की सहा फूट व्यासाचे रिंगण तयार होते, आणि १०० पिल्लांना पहिले तीन-चार दिवस ते पुरते. यालाच चिक गार्ड म्हणतात. त्याचे काम पिल्लांना उबेजवळ ठेवणे, जमिनीलगतचा वारा अडवणे आणि कोपरा नाहीसा करणे हे आहे. छत्रीची कड आणि गार्ड यांत दोन-अडीच फुटांचे अंतर ठेवावे, म्हणजे ज्या पिल्लाला गरम होते त्याला बाजूला सरकायला जागा राहते. संपूर्ण रिंगण एकाच तापमानाला असावे असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. मध्यभागी गरम आणि कडेला थोडे गार असे असले म्हणजे पिल्लू आपली जागा आपणच निवडते. चौथ्या दिवसापासून गार्ड थोडा थोडा सैल करत न्यावा आणि दहा-बारा दिवसांनी, हवा पाहून, काढून टाकावा.

थंडीच्या दिवसांत बल्ब पिल्ले येण्याच्या २४ तास आधी लावावेत. खोलीतली हवा तासाभरात गरम होते, पण फरशी आणि तूस गरम व्हायला वेळ लागतो, आणि पिल्लाची बरीच उष्णता पायांवाटे जाते. दोन-तीन इंच जाडीचा, कोरडा तुसाचा थर हवा. फरशीवर नुसता पेपर किंवा मूठभर तूस पसरल्याने भागत नाही. पिल्ले सोडल्यावर तासाभराने एखादे उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. पाय गार लागले तर तुसाची गादी गार आहे, मग भिंतीवरचा तापमापक काहीही सांगो. तसाही तापमापक भिंतीवर लावून उपयोग नसतो. तो छत्रीच्या कडेशी, तुसापासून दोन इंचांवर टांगला पाहिजे.

आणि तापमापकापेक्षा पिल्लांवर अधिक विश्वास ठेवावा. बल्बखाली दाटीने गोळा होऊन एकसारखी, तीक्ष्ण आवाजात ओरडत असतील तर ऊब कमी आहे. बल्बपासून दूर, गार्डला चिकटून, चोच उघडी टाकून आणि पंख सैल सोडून धापा टाकत असतील तर ऊब जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरच्या बाजूने वारा येतो आहे. हात जमिनीलगत फिरवून ती फट शोधावी आणि गोणपाटाने बंद करावी. रिंगणभर सारखी विखुरलेली, काही खाणारी, काही पिणारी, काही एका कुशीवर पाय ताणून निजलेली, आणि मधूनच हलका चिवचिवाट, असे दिसले तर तापमापक काढून ठेवला तरी चालेल. फक्त हे पाहायचे रात्री. दिवसा दुपारी पिल्ले कुठेही सुखात असतात. रात्री दोन ते पहाटे पाच ही परीक्षेची वेळ असते आणि नेमके तेव्हाच कोणी उठत नाही. पहिल्या चार रात्री घरातल्या माणसांनी पाळी लावून एकेकदा उठावे, यासारखा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

वीज जाणार हे गृहीत धरूनच तयारी करावी. पुठ्ठ्याची, बाजूंना भोके पाडलेली खोकी तयार ठेवावीत आणि वीज गेल्यावर प्रत्येकात २० ते २५ पिल्ले ठेवून वरून गोणपाट अर्धवट टाकावे. तेवढी पिल्ले एकमेकांच्या उबेवर दोन-तीन तास काढतात आणि संख्या कमी असल्याने चेंगरत नाहीत. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्याच्या मध्यभागी ठेवल्या तर आणखी बरे. कोळशाची शेगडी अनेक जण वापरतात, आणि ती उपयोगी आहेच, पण कोळसा बाहेर पूर्ण फुलवून, धूर संपल्यावरच ती आत आणावी आणि वरची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. पिल्ले तर मरतातच, शेजारी झोपलेल्या राखणदाराच्याही जिवावर बेतते. आणखी एक बारीकशी गोष्ट. पहिले दोन-तीन दिवस २४ तास उजेड ठेवल्यावर पुढे रोज तासभर, ऊब कमी न होता, अंधाराची सवय लावावी, नाहीतर पहिल्यांदाच वीज गेली की पिल्ले घाबरून एका ढिगात घुसतात. बल्बवरच ऊब असेल तर हा तास दुपारच्या गरम वेळेत, पडदे सोडून घ्यावा.

थंडीच्या भीतीने चारही बाजू प्लास्टिकने गच्च बंद करणे ही याच्या उलटची चूक. विष्ठेतून सुटणारा अमोनिया जमिनीलगत साचतो. उभ्या माणसाला त्याचा वास येत नाही, म्हणून गुडघे टेकून, चेहरा पिल्लांच्या उंचीवर नेऊन एक मिनिट बसावे. डोळे चुरचुरले तर पिल्लांचेही चुरचुरत आहेत असे समजावे. पडदे खालून वर बांधावेत आणि छताजवळ फूटभर जागा मोकळी सोडावी.

पिल्ले आल्यावर आधी पाणी आणि दोन-तीन तासांनी खाद्य, हा क्रम पाळावा. लांबचा प्रवास झाला असेल तर पहिल्या पाण्यात लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम गूळ विरघळवून द्यावा, पण पाच-सहा तासांनी ते पाणी फेकून भांडी धुवावीत. गूळपाणी आंबते आणि हगवण लावते. पाणी विहिरीचे गारेगार नसावे. भांडी तीन-चार तास आधी ब्रूडरमध्येच भरून ठेवली की ते आपोआप कोमट होते. पिल्ले सोडताना शक्य तितक्यांची चोच एकदा पाण्यात बुडवावी, कारण पाच-दहा शिकली की बाकीची त्यांचे पाहून शिकतात. ५० पिल्लांमागे एक भांडे धरावे आणि उथळ थाळी वापरत असल्यास तिच्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू भिजत नाही. भिजलेले पिल्लू थंडीत तासाभरात जाते. पहिले दोन दिवस तुसावर खडबडीत कागद पसरून त्यावर मक्याचा बारीक भरडा आणि मग चिक स्टार्टर टाकावे. कागद गुळगुळीत असला तर पाय फाकतात आणि कागद मुळीच नसला तर पिल्ले तूस खातात. रात्री झोपण्यापूर्वी आठ-दहा पिल्लांच्या अन्नपिशव्या चाचपाव्यात. पहिल्या रात्री दहापैकी आठ तरी भरलेल्या आणि मऊ लागल्या पाहिजेत, दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्या. कडक लागल्या तर पाणी कमी पडते आहे. गिरिराजसारख्या जातीचे पिल्लू पहिल्या आठवड्यात रोज सरासरी १० ते १२ ग्रॅम खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते, यावरूनही अंदाज घेता येतो. मोठ्या कोंबड्यांचे लेअर खाद्य मात्र कधीही देऊ नये. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असते आणि ते पिल्लांची मूत्रपिंडे निकामी करते. बुरशी धरलेला मका आणि कुबट वासाची शेंगपेंड यांतल्या अफ्लाटॉक्सिनमुळे पिल्लांचे यकृत खराब होते, म्हणून घरचे म्हणून काहीही भरडून देऊ नये.

शेपटीखाली चिकटलेली विष्ठा ओढून काढू नका, कातडी सोलली जाते. कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने ती भिजवावी, मऊ झाल्यावर पुसावी, जागा कोरडी करून किंचित खोबरेल तेल लावावे आणि पिल्लू वाळेपर्यंत बल्बखाली ठेवावे. ऊब सुधारली की हा त्रास दोन दिवसांत आपोआप कमी होतो. तो कमी झाला नाही आणि पांढरी, खडूसारखी हगवण पसरत राहिली, तर पुलोरम नावाच्या साल्मोनेलाच्या आजाराची शंका घ्यावी लागते. तो मादीकडून अंड्यावाटे येतो आणि त्याचे निदान प्रयोगशाळेतच होते. अशा वेळी ताजी मेलेली दोन-तीन पिल्ले प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फात ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावीत. पुढची तपासणी लागली तर ते नमुने औंध, पुणे येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवू शकतात.

पहिला आठवडा पार पडल्यावर गादीकडे लक्ष वळवावे. भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढावे आणि बाकीचे दिवसाआड खालीवर करावे. कुबट, बुरशीचे तूस वापरले तर पिल्ले चोच वर करून, आवाज न करता श्वासासाठी झगडतात आणि फुप्फुसांत पिवळट-पांढऱ्या गाठी सापडतात. ही बुरशी ॲस्परजिलस, आणि तिच्यावर खात्रीचा इलाज नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ओल्या गादीतून रक्ती हगवण येते. विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पाण्यातून ॲम्प्रोलियम सुरू करावे आणि त्याच दिवशी ओले तूस बाहेर काढावे, कारण नुसत्या औषधाने ती फिरून येते. कोकणात पावसाळ्यात पिल्ले घ्यायची असतील तर तूस मे महिन्यातच भरून कोरडे ठेवावे लागते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत प्रश्न उलटा असतो. तिथे दुपारी बल्ब बंद करून छतावर ओली गोणपाटे टाकावी लागतात, तरी पहिल्या आठवड्यात पहाटे थोडी ऊब लागतेच.

लसींबद्दल थोडक्यात. मरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच टोचलेली असावी, हे पावतीवर पाहून घ्यावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची लस १२ ते १४ दिवसांदरम्यान आणि लासोटाची पुन्हा एक मात्रा चौथ्या आठवड्यात द्यावी. आजारी किंवा गारठलेल्या पिल्लांना लस देऊ नये. आपल्या पिल्लांची लासोटा मरतूक थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी द्यावी. लस बर्फात आणावी आणि मिसळल्यावर तासा-दोन तासांत संपवावी.

दहा-पंधराच पिल्ले वाढवायची असतील तर हा सारा खटाटोप करण्याची गरजच नाही. घरात खुडूक कोंबडी असेल तर एकदिवसीय पिल्ले रात्री अंधारात एकेक करून तिच्या पंखांखाली सरकवावीत आणि तिच्याखालची अंडी काढून घ्यावीत. सकाळी बहुतेक कोंबड्या ती आपली मानतात. नेहमीच्या आकाराची गावरान कोंबडी १२ ते १५ पिल्ले सांभाळते, डालग्याखाली ठेवली की मुंगूस-मांजरापासूनही ती बचावतात, आणि विजेचे बिल येत नाही. मात्र अंगणातल्या मोठ्या कोंबड्यांचे रोग या वाटेने पिल्लांत येतात. म्हणून १०० पिल्लांचा ब्रूडर आणि अंगणातल्या कोंबड्या यांचा संबंध येऊ देऊ नये, आधी पिल्लांचे काम उरकावे आणि मग मोठ्यांचे, आणि ब्रूडरच्या दाराशी वेगळ्या चपला ठेवाव्यात.

आपल्या उरलेल्या पिल्लांसाठी आज संध्याकाळीच पुठ्ठ्याचे रिंगण करा, एलईडी काढून १०० वॅटचे आणखी दोन पिवळे बल्ब छत्रीखाली लावा, जुने तूस बदला आणि अशक्त पिल्ले वेगळ्या खोक्यात घेऊन त्यांना तीन-तीन तासांनी ड्रॉपरने गूळपाण्याचे थेंब चोचीच्या कडेला लावा. हे केल्यावर साधारण ४८ तासांत मरतूक एखाद-दुसऱ्या पिल्लावर यायला हवी. ती तशी आली नाही तर वाट न पाहता मेलेली पिल्ले तपासणीला न्या. पुढची खेप महाशिवरात्रीनंतर, रात्रीचा गारठा ओसरल्यावर मागवा आणि पिल्ले सकाळी घरी पोचतील अशी गाडी ठरवा, म्हणजे खायला-प्यायला शिकण्यासाठी त्यांना पहिल्या रात्रीआधी संपूर्ण दिवस मिळेल.